पेठेतली जुनी शाळा: आढं अजून सरळ आहे

पेठेतला (६ एप्रिल)

शाळेचं नाव, नंबर, मालकी काहीच लिहीत नाही. उगाच कुणाच्या नावानं शिमगा नको. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या पेठांत ज्यांचं लहानपण गेलं त्यांना 'घसरगुंडीच्या दगडाची शाळा' एवढं पुरे. ओसरीच्या पायऱ्यांशेजारचा तो उतरता दगड. तीन-चार पिढ्यांच्या चड्ड्यांनी घासून इतका गुळगुळीत झालाय की दुपारच्या उन्हात चमकतो.

काल तिथून जाताना फाटकाला फ्लेक्स दिसला: 'इमारत धोकादायक आहे. आत प्रवेश करू नये.' खाली सही नाही, तारीख नाही. मुलं दिवाळीनंतरच दुसऱ्या शाळेत हलवलीत. 'तात्पुरती' म्हणाले होते. आता चहाच्या टपरीवर कळतंय की निर्लेखनाचा, म्हणजे इमारत मोडीत काढून पाडायचा, प्रस्ताव गेलाय आणि त्या जागी खाली गाळे, वर हॉल असं काहीतरी घाटतंय. टपरीवरची बातमी आहे, तेवढीच धरा.

फाटकातून दिसलं ते सांगतो. घडीव काळ्या दगडाचं जोतं, त्यावर चुन्यातल्या विटांच्या भिंती, सागवानी खांबांची ओसरी, मंगलोरी कौलं. दक्षिणेच्या कोपऱ्यात दोन छपरं मिळतात तिथली दहा-बारा कौलं गेलीत आणि खालची भिंत हिरवी-काळी पडलीय. बाकी इमारत मला तरी ताठ वाटली. घंटा म्हणून बडवायचा तो रुळाचा तुकडा अजून टांगलेला आहे.

काय करता येतं? निवेदन, सह्या आणि 'वारसा वाचवा'चं स्टेटस सोडून सांगा. ते सगळं झालं की सगळ्यांना बरं वाटतं आणि मग जेसीबी येतो.

तळ्याकाठची

अगं बाई, ती शाळा? त्या दगडावरून घसरून माझे दोन फ्रॉक फाटलेत, आणि दुसऱ्या वेळी आईनं ठिगळ न लावता तसंच शाळेत धाडलं होतं.

फळा भिंतीतच होता, आठवतोय का कुणाला? शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी चौथीच्या मुलींनी कोळशाची पूड नि कसल्याशा पाल्याचा रस कालवून तो सारवायचा. सोमवारपर्यंत खणखणीत काळा. पहिलं अक्षर काढायला बाई मलाच बोलवायच्या असं मला अजून वाटतं. बहुतेक प्रत्येकीलाच वाटत असेल.

सध्या_पुण्यात

वाचून भरून आलं. माझ्या मते इमारत छान रिस्टोर करून तिथं साताऱ्याचं छोटं संग्रहालय करावं, बाजूला पुस्तकांचं दुकान, एखादा कॅफे. पुण्या-मुंबईत असे प्रयोग झालेत. आम्ही बाहेरचे माजी विद्यार्थी निधी गोळा करू.

गुर्जी_चौथी_ब

मी याच नाही पण अशाच एका कौलारू शाळेत शिकवतो. गेल्या जुलैत तिसरीच्या वर्गात सात बादल्या होत्या. मुलांनी त्यांना नावं ठेवली होती. मध्येच कोणीतरी ओरडायचं, "सर, ढोलकी भरली!" की गणित थांबवून ढोलकी बाहेर ओतायची. हसायला येतं, पण त्याच पावसात एक कौल सुटून बाकावर पडलं. मधली सुट्टी होती म्हणून निभावलं.

तेव्हा संग्रहालय, कॅफे हे वाचलं की डोकं फिरतं. साहेब, त्या बाकावर पोरगं असतं तर तुमच्या निधीचं काय करायचं होतं? मला जुन्या इमारतीचा राग नाही. पण धाग्यावर पहिल्या तिघांत मुलं कुठं बसतील हे एकानंही विचारलं नाही, याचा आहे.

सध्या_पुण्यात

मान्य. मागे घेतो. कॅफेही.

निवृत्त_ओव्हरसियर

गुर्जींशी सहमत, पण एक दुरुस्ती. कौल बाकावर पडलं तो इमारतीच्या वयाचा दोष नाही, शाकारणी न झाल्याचा आहे. माझी सारी नोकरी सरकारी बांधकामांवर गेली, त्यामुळे हा प्रवास पाठ झालाय.

आधी एक कौल फुटतं. पूर्वी पावसाच्या आधी कोणीतरी वर चढून कौलं परतायचा. आता ना तो माणूस, ना त्या खर्चाला कुठल्या रकान्यात जागा. पाणी झिरपत तुळईच्या टोकाशी जातं. सागवान भिजून वाळलं तर त्याचं काही बिघडत नाही. भिंतीच्या खोबणीत कोंडून ओलं राहिलं की मात्र टोक कुजतं, मागोमाग वाळवी. मग भिंतीवरची ओल झाकायला कोणी तरी भला माणूस सिमेंटचा गिलावा मारून घेतो. चुन्याची भिंत ओल घेते तशी सोडतेही. सिमेंट लावलं की ती आतच अडकते. चार-पाच पावसाळ्यांत गिलावा पत्र्यासारखा सुटतो, त्याचा फोटो निघतो आणि कागदावर येतं, 'भिंत ढासळलेल्या अवस्थेत'. हे कोणी कट करून करत नाही. अंदाजपत्रक करणाऱ्या पोराच्या हाताखालचे सगळे दर सिमेंटचे असतात, तो तरी काय करणार?

स्ट्रक्चरल ऑडिट झालं असेल तर कुठली चाचणी केली ते आधी बघा. रिबाउंड हॅमर हे काँक्रीटसाठीचं हत्यार आहे. त्याचे आकडे दगड-विटा-चुन्याच्या भिंतीला लावणं म्हणजे थर्मामीटरनं रक्तदाब मोजणं. अशा भिंतीला ओळंबा लावून बघतात. तुळईच्या टोकांत दाभण खुपसून बघतात. तडा असेल तर त्यावर आडवी काचेची पट्टी प्लॅस्टरनं डकवायची, शेजारी तारीख लिहायची. महिन्या-दोन महिन्यांत पट्टी फुटली तर तडा चालू आहे, नाही फुटली तर तो कधीचाच थांबलाय. खर्च म्हणाल तर चहापाण्याचा.

पण भावनेच्या भरात 'दगडी इमारतीला काय होतंय' असंही म्हणू नका. १९९३ ला किल्लारीत माणसं मेली ती जाड दगडी भिंतींखाली आणि मातीच्या जड धाब्यांखालीच. भिंतीचे आतले-बाहेरचे दोन थर एकमेकांना आरपार दगडांनी बांधलेले नव्हते, ते सुटे झाले. आपलाही जिल्हा कोयनेचा आहे. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आठवणारे अजून आहेत. ही इमारत तेव्हा उभी होती आणि नंतरही राहिली, हा तिच्या बाजूचा पुरावा आहे, पण तपासणी नको म्हणायला तेवढा पुरत नाही. छपराच्या कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे लाकडी त्रिकोणी सांगाडे, भिंतींना नीट जखडल्यात का हे बघायलाच हवं.

कौलारू

वडलांना वरचं सगळं वाचून दाखवलं. ते बोलतात तसं लिहितोय (आढं म्हणजे छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड):

"आधी आढ्याकडं बघा म्हणावं. लांबनं, पाराच्या अंगानं. आढं सरळ हाय का पोटात आलंय? पोटात आलं आसंल तर एक तरी कैची बसली. सरळ आसंल तर लाकूड शाबूत. कौलाचं काय, कौलं बदलत्यात. आन् त्यो कोपरा गळतोय म्हंजी पन्हळीचा पत्रा गंजलाय. आधी पन्हळ, मग कौलं. लोक उलटं करत्यात नि म्हणत्यात गळती थांबंना. चुन्याचं म्हणाल तर आज कालवला नि आज थापला आसं न्हाई. भिजत घालायचा, मुरवायचा, घाणीत मळायचा. गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी. सिमिटवाल्याला एवढा दम कुठला?"

कौलं कशानं फुटली यावरही त्यांचं ठाम मत आहे: वानरं. किल्ल्यावरनं उतरतात नि त्या कोपऱ्यातल्या झाडावरनं बरोबर तिथंच उडी टाकतात.

अवांतर: वडील त्याच शाळेत दुसरीपर्यंत शिकले. पण वर्गापेक्षा त्या छपरावर त्यांचे जास्त दिवस गेले असतील.

पेठेतला

आत्ताच पारावर जाऊन आलो. आढं सरळ आहे. दोरी धरल्यासारखं.

चंदनवंदन

साताऱ्यात शाळेची इमारत हा विषय निघाला की राजवाड्याचं नाव घ्यावंच लागतं. ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेबांचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत पहिल्या इंग्रजी इयत्तेत दाखल झालं, 'भिवा' म्हणून. तेच आजचं प्रतापसिंह हायस्कूल. तेव्हा ती शाळा राजवाड्यात भरायची. ते रजिस्टर जपलेलं आहे आणि २०१७ पासून राज्यात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. एका रजिस्टरातल्या एका ओळीवरून अख्ख्या राज्याला एक दिवस मिळाला. आपल्या पेठेतल्या शाळेची रजिस्टरं आत्ता कुठं आहेत? मुलांबरोबर हलवली की आतच राहिली?

ओसरीवरचा

चंदनवंदन यांनी विषय काढलाच आहे तर पुढचंही लिहू या. त्याच भिवाला वर्गात सगळ्यांबरोबर बसता येत नव्हतं. घरून आणलेल्या तरटाच्या तुकड्यावर वेगळं बसावं लागायचं. आमच्या आजोबांची शाळा दुसरी, गाव दुसरं, पण गोष्ट तीच. ते ओसरीवरून शिकले. खिडकीतून फळा अर्धाच दिसायचा, म्हणून त्यांचं शुद्धलेखन शेवटपर्यंत अर्धवट राहिलं असं ते हसत सांगायचे.

म्हणून 'आमची सोन्यासारखी शाळा' हा सूर मला जरा टोचतो. पण पाडा असंही मी म्हणत नाही. ओसरी गेली तर आजोबा कुठं बसायचे ते मी पोराला कुठं दाखवू? ठेवायची असेल तर तीही गोष्ट भिंतीवर लिहून ठेवा. नुसती कोनशिला नको.

पेठेतला

लिहू. शब्द देतो.

तिरकस

सगळं ठीक. पण कर्मवीर अण्णांना, म्हणजे भाऊराव पाटलांना, विचारलं असतं तर काय म्हणाले असते? १९१९ ला कऱ्हाडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात आणली, सगळ्या जातींची पोरं एका वसतिगृहात ठेवली. १९२७ ला गांधीजी येऊन त्याला शाहूंचं नाव देऊन गेले. त्या माणसानं आधी पोरं गोळा केली, इमारती मागाहून आल्या. बोधचिन्हात त्यांनी वड घेतला, वाडा घेतला नाही. आपण मात्र पोरं इंग्रजी शाळेत घालून भिंतींसाठी रडतोय.

आई_दोघांची

ती आई मीच. मोठीला दुसरीपर्यंत याच शाळेत ठेवली होती. आजी हात धरून सोडायची, पाच मिनिटांचं चालणं. शाळा हलवली ती मोठ्या रस्त्यापलीकडे. आजीला गुडघ्यांमुळे तो रस्ता ओलांडवत नाही, मला साडेनऊला कामावर पोचायचं असतं. मग दारात येणारी व्हॅन ज्या शाळेची होती त्या शाळेत घातली. माध्यमाचा विचार नंतर केला, खरं सांगते.

आमच्या आळीतली नऊ पोरं अशीच गेली. आता म्हणे 'पट घसरला, शाळा चालवणं परवडत नाही'. पट घसरला नाही हो, रस्ता ओलांडता आला नाही. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा हवी असा शिक्षण हक्काचा नियम आहे ना? नकाशावर अंतर भरतं एक किलोमीटरच्या आत. पण नकाशात ट्रक दिसत नाहीत.

तिरकस

हे पटलं. माझा वरचा प्रतिसाद अर्धा मागे.

हरकतदार

आता कागदाचं बोलू. इथं तीन गोष्टींची खिचडी होतेय.

'संरक्षित स्मारक' हा वेगळा मामला. राज्याचा १९६० चा कायदा आहे, पुरातत्त्व विभाग बघतो. किल्ले, लेणी, मंदिरं. पेठेतल्या शाळेसाठी तिकडे खेटे घालू नका, चपला झिजतील. 'वारसा यादी' ही नगररचनेची गोष्ट. मुंबईत १९९५ ला वारसा नियमावली आली, तीन श्रेणी ठरल्या, त्यानंतर ही पद्धत इतरत्र पसरली. त्या मार्गानं अर्ज जरूर करा, पण लगेच काही होईल असं धरून चालू नका.

खरा दात आहे विकास आराखड्यात. तो भूखंड आराखड्यात प्राथमिक शाळा म्हणून दाखवलेला असेल तर तिथं गाळे काढायला आधी फेरबदल करावा लागतो. १९६६ च्या नगररचना अधिनियमाचं कलम ३७. त्यासाठी जाहीर सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. ती सूचना पेपरात लग्नाच्या जाहिरातींशेजारी बारीक अक्षरात येते नि कोणी वाचत नाही. आपल्यातल्या दोघांनी रोज वाचायची, बस. माझं नाव त्यामुळेच पडलंय.

दुसरं, सिटी सर्व्हेतून मिळकत पत्रिका काढा. कित्येक जुन्या शाळांची जागा कोणीतरी बक्षीस दिलेली असते आणि बक्षीसपत्रात 'शाळेकरिताच' अशी अट सापडते. सापडली तर अर्धी लढाई तिथंच संपते.

आणि माहितीचा अधिकार. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, तीस दिवस. आपल्या राज्याच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द, तेव्हा निबंध लिहू नका. एक अर्ज ऑडिट अहवालासाठी, फोटो आणि चाचणीच्या तक्त्यांसह. दुसरा निर्लेखनाच्या प्रस्तावासाठी. तिसरा गेल्या दहा वर्षांत त्या इमारतीच्या दुरुस्तीवर किती खर्च झाला त्यासाठी. तिसऱ्याचं उत्तर सगळ्यात बोलकं असतं.

कृष्णाकाठ

सांगलीहून. आमचा अनुभव कामाला येईल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तिथं धोक्याची पातळी ४५. नदीजवळच्या आमच्या कौलारू शाळेत खिडकीच्या वरपर्यंत पाणी होतं. ओसरल्यावर मदतीचा पूर आला, त्यात कोणीतरी ऑइलपेंटचे डबे दिले. आम्ही उत्साही. आठ दिवसांत शाळा चकाचक, आकाशी नि पिवळी. पुढच्या वर्षी भिंतीला पोळल्यासारखे फोड. सगळा रंग खरवडला, सिमेंटचा जुना गिलावा काढला आणि अख्खा एक उन्हाळा भिंत उघडी ठेवली. लोक विचारायचे, पैसे संपले का? मग चुना लावला. आता बरी आहे.

रजिस्टरांचं चंदनवंदन म्हणाले ते मनावर घ्या. आमच्या शिपाईमामांनी पाणी चढायच्या आधी जनरल रजिस्टरं माळ्यावर टाकली म्हणून वाचली. जातीच्या दाखल्यासाठी आजोबा-पणजोबांची शाळेतली नोंद शोधत किती माणसं येतात हे शाळेत बसल्यावर कळतं. इमारत राहील न राहील, रजिस्टरांची पानं आधी स्कॅन करून घ्या.

पेठेतला (१४ मे)

ताजी बातमी. पहिल्या दोन अर्जांची उत्तरं आली, तिसऱ्याचं नाही. मिळकत पत्रिका पण मिळाली.

ऑडिट अहवाल अकरा पानांचा. पान दोन, 'बांधकामाचा प्रकार' यापुढे लिहिलंय: आरसीसी, म्हणजे गज घातलेलं काँक्रीट. मी तीनदा वाचलं. पुढे रिबाउंड हॅमरचे आठ आकडे, ओव्हरसियर काका म्हणाले होते अगदी तसेच. शेवटी सहा फोटो. त्यातले चार मागच्या मुतारीचे आहेत. ती मुतारी नंतर कधीतरी स्लॅब टाकून बांधलेली, आणि तिचा स्लॅब खरोखर लोंबतोय, गज बाहेर आलेत. मुख्य इमारतीचा फोटो एकच, गळक्या कोपऱ्याचा. म्हणजे फ्लेक्स खोटा नाही. फक्त तो मुतारीला लावायला हवा होता.

आराखड्यात भूखंड प्राथमिक शाळाच आहे. बक्षीसपत्र अजून सापडलेलं नाही.

निवृत्त_ओव्हरसियर

आरसीसी! मी नोकरीत असतो तर सही करणाऱ्याला त्या कौलांवर उभं केलं असतं. असो. चिडून पत्र लिहू नका. 'अहवालातील बांधकामाचा प्रकार प्रत्यक्षाशी जुळत नाही, सबब दगड-चुन्याच्या बांधकामाच्या जाणकाराकडून फेरतपासणी व्हावी, आणि मुतारी तातडीने उतरवावी' एवढंच. मुतारीचं आवर्जून घाला. तुम्ही आंधळेपणानं सगळंच वाचवायला निघालेले नाही हे त्यांना दिसू दे. मी मसुदा पाठवतो.

आई_दोघांची

त्याच पत्रात लिहा की जूननंतर मुलं परत इथं कधी आणणार याची तारीख द्या. इमारत दुरुस्त होऊन रिकामी राहिली तर पाच वर्षांनी आपण पुन्हा याच धाग्यावर असू. आळीतल्या पालकांच्या सह्या मी आणते. नऊ पोरांपैकी सहांच्या घरून हो आहे, माझी धाकटी धरून.

पेठेतला (२३ मे)

पत्र दिलं. आज बोलावणं आलं. बोलणं सरळ झालं, आवाज कोणाचा चढला नाही. फेरतपासणी करू म्हणालेत, लेखी पुढच्या आठवड्यात देतो म्हणाले. आठवडा कुठला ते विचारलं नाही. पण पाऊस तोंडावर आहे, तोवर बाहेरून पन्हळ आणि तो कोपरा झाकून घ्यायला परवानगी मिळाली, त्यांचा माणूस समोर उभा राहील या अटीवर. आत जायचं नाही.

रविवारी सकाळी सात. कौलारूचे वडील खालून सांगणार, वर चढणार दोघंच, पट्टा बांधून. पन्हळीचा पत्रा आलाय, पैसे सध्या_पुण्यात यांनी दिले. तळ्याकाठच्या ताई पोहे आणताहेत.

कौलारू

वडील म्हणतात कौलांवर पाय ठेवताना रिपेवर ठेवा, मधे ठेवला की फुटलंच. आणि वानरांसाठी एक जण काठी घेऊन झाडाखाली पाहिजे.

तिरकस

झाडाखाली मी. वर चढायचं वय गेलं.

गुर्जी_चौथी_ब

येतो. बादल्या आणू का? सातही आहेत माझ्याकडे. ढोलकीची कडी तेवढी तुटलीय.